दुसरी वायर कोणी जुंपली

माझी केळीच्या शेडची गोष्ट तुम्ही ऐकली नसेल, तर तुम्ही आमच्या नात्यातले नाही एवढं नक्की. आमच्याकडे हळद असो, बारसं असो, तेराव्याचं गोडजेवण असो — पंगत उठली, सुपारी फुटली, की कोणीतरी म्हणतंच, "नाना, ती सावद्याची वायर सांगा ना." आणि नाना — म्हणजे मी, वय बावन्न, पोट वयाच्या थोडं पुढे — आधी नको नको म्हणतो, मग मांडी घालून बसतो आणि सांगतो. नऊ वर्षं सांगतोय. हातवारे ठरलेले आहेत. कुठे थांबायचं ते ठरलेलं आहे. लोक कुठे हसणार, तेसुद्धा.

ती गोष्ट खोटी आहे.

सगळी नाही. पूर्ण खोटं रचायलाही कष्ट लागतात, आणि मी मुळात आळशी. बरीचशी खरीच आहे. पण साधारण मध्यावर एक जागा आहे, जिथे सगळे पोट धरून हसतात — ती जागा मी बदललेली आहे. हे मी बायकोला सांगितलेलं नाही. आईला नाही. देवापुढेही कधी काढलं नाही. त्याला माहीत असणारच, मग उगीच विषय कशाला? तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? तुम्ही त्या पंगतींत हसला नव्हता, म्हणून असेल.

आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. जळगावात माझं लहानसं दुकान आहे. ऑफिसं, दवाखाने, गोदामं — तिथे कॉम्प्युटरच्या आणि कॅमेऱ्यांच्या वायरी टाकून द्यायच्या. शिक्षण बी.कॉम.; ते कसं पार पडलं हा आणखी एक कबुलीजबाब होईल. मला वायर ओढता येते. छतातून, भिंतीतून, उंदराच्या बिळातून — म्हणाल तिथून. पण त्या वायरीच्या आतून काय जातं, कुठे अडतं, का अडतं — हे मला कळतं, असं मी लोकांना वाटू दिलं. लोक फार चांगले असतात हो. कानामागे पेन्सिल आणि हातात पक्कड दिसली की विश्वास ठेवतात.

असा विश्वास ठेवणाऱ्यांतले पहिले म्हणजे आबा. सावद्याकडचे मोठे केळीवाले. रस्त्याला लागून त्यांचं ऑफिस आणि वजनकाटा, मागे पत्र्याची लांबलचक शेड. शेडमध्ये केळी धुवायची, खोक्यांत भरायची, आणि थंड बंद खोल्यांत पिकवायला ठेवायची. या खोल्यांचं तापमान जरा इकडचं तिकडे झालं, तर आतला माल एकतर कच्चा राहतो नाहीतर काळा पडतो. म्हणून प्रत्येक खोलीत कॅमेरा, प्रत्येक खोलीचा पारा ऑफिसातल्या पडद्यावर.

त्यासाठी मी दोन स्विच बसवले होते. स्विच म्हणजे दिव्याचा खटका नव्हे — एक चपटी पेटी, जिच्यात सगळ्या वायरी येऊन मिळतात. गावातला पारच म्हणा. सगळे तिथे येणार, निरोप देणार, निरोप घेणार. एक पेटी ऑफिसात, एक शेडमध्ये. आणि या दोन पेट्यांमध्ये दोन वायरी — एक खांबांवरून, दुसरी जमिनीखालून पाइपातून. दोन का? तर आबा म्हणाले म्हणून. एक तुटली तर दुसरी हवी. शेतकऱ्याचं डोकं, विहीर असूनही बोअर मारणारं.

आता गंमत अशी, की दोन्ही वायरी जोडल्या तरी काम एकच वायर करायची. दुसऱ्या वायरीचा दिवा नारिंगी होऊन गप्प बसायचा. असं का, हे मला ठाऊक नव्हतं. आबांच्या नजरेतून मात्र तो दिवा सुटला नाही.

"काहून भो नाना, हा एकच दिवा नारिंगी काहून हाये?"

"ती राखीव आहे आबा."

"राखीव म्हंजे? पगार खातो अन् काम नही करत?" त्यांनी टोपी मागे सरकवली. "म्या बैलजोडी इकत घेतली, तू एकच बैल जुपला. अन् दुसरा गोठ्यात बसून ढेप खाऊन राह्यला!"

पुढच्या वेळी आलो तर तेच. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. चहा पुढे करताना, "नाना, तुह्या बैलाले चहा देऊ का?" शेवटी मी काय केलं असेल? शिकलो? कोणाला विचारलं? मी खिशातल्या पेपरमिंटच्या गोळीचा हिरवा चकचकीत कागद काढला, त्याचा चिमुकला तुकडा फाडला, आणि त्या नारिंगी दिव्यावर चिकटवला. दिवा हिरवट दिसायला लागला. आबांना म्हटलं, "घ्या. दोन्ही जुंपले."

हे खोटं मला लाज वाटण्यासारखं वाटत नव्हतं. हुशारी वाटत होती. आणि हे ते खोटं नव्हे, जे मी सांगायला बसलोय. ते अजून पुढे आहे. मी जरा लांबूनच जातोय, नाही? जाऊ द्या. सवय आहे.

त्या वर्षी आबांनी आणखी आठ खोल्या बांधल्या. कॅमेरे दुप्पट झाले. आणि पडदा अडखळायला लागला — चित्र थांबायचं, मग उडी मारून पुढे जायचं. माणूस दारात दिसायचा आणि एकदम खोक्यावर बसलेला दिसायचा, मधलं चालणं गायब. आखाजीच्या आदल्या आठवड्यात बाहेरून मोठे व्यापारी बघायला येणार होते. ऑफिसात बसून, पडद्यावर, सगळ्या खोल्या एकाच वेळी. आबा मला म्हणाले, "हे नीट झालं तर रावेरच्या नव्या शेडचं कामही तुह्यं. नही झालं तर पुण्याचे लोक बोलावतो. केयी काई थांबत नही तुह्यासाठी."

पुण्याचे लोक! ते आले असते, तर त्यांनी पहिली गोष्ट काय उचकटली असती? माझा पेपरमिंटचा कागद.

आता माझ्या बहिणीबद्दल सांगायला हवं. सुनंदा. घरात नंदू. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तिने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, लग्न होऊन धुळ्याला गेली, आणि तिथल्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागली. ज्या पेट्यांपुढे मी उदबत्ती लावायचा बाकी होतो, त्या ती उघडून पोरांना शिकवायची. मी फोन करून सांगितलं असतं तर ती आली असती. पण फोनवर काय सांगू — तुझ्या भावाने दिव्याला कागद चिकटवलाय?

आखाजी म्हणजे आमच्या खानदेशात लेकींचा सण. सासरी गेलेली पोर माहेरी येणार, झोके बांधणार, सांजोऱ्या खाणार. आणि तिला आणायला भाऊ जाणार — मुऱ्हाळी म्हणतात त्याला. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी मुऱ्हाळी म्हणून किती वेळा गेलो होतो? एकदाही नाही. दर वर्षी दुकान आडवं यायचं. नंदू एसटीने यायची, पिशव्या दोन्ही हातांत, आणि स्टँडवरून रिक्षा करायची. त्या वर्षी मी गाडी काढली आणि सणाच्या सहा दिवस आधीच धुळ्याला तिच्या दारात उभा राहिलो.

तिच्या सासूबाई — सगळे त्यांना अक्का म्हणतात — ओट्यावर कैऱ्या चिरत होत्या. मला बघून विळी थांबली.

"आज सूर्य कथाईन उगना वं?" त्या आत बघून ओरडल्या. "सुनंदा! तुना भाऊ सोता लेवाले उना!"

नंदू पिठाच्या हातांनीच बाहेर आली. तिचा चेहरा — मी पंगतीत कितीतरी चेहऱ्यांची नक्कल करतो, त्या चेहऱ्याची कधी केली नाही. तिने शेजारणीला सांगितलं, पलीकडच्या घरात सांगितलं, हातावरचं पीठ न धुताच. भाऊ आला. स्वतः आला. गाडी घेऊन.

पारोळा गेलं, एरंडोल गेलं. ती सारखी बोलत होती. जळगावात आलो, आमच्या घराचं वळण आलं आणि मी गाडी सरळ भुसावळच्या रस्त्याला घेतली.

"भाऊ, घर मागे गेलं."

मग मी सांगितलं. नारिंगी दिवा, कागद, व्यापारी, सगळं. तिने तोंड खिडकीकडे वळवलं. मी तिच्याकडे बघितलं नाही — गाडी चालवताना पुढे बघावं, हा नियम मी तेवढाच पाळतो. नंतर ती हसली. खरंच हसली. "पेपरमिंटचा?" म्हणाली. "निदान बायकोची टिकली तरी लावायची." आणि मग म्हणाली, "करते मी. पण भाऊ, मला एक हवंय. आमच्याकडे प्रयोगशाळेच्या प्रमुखाची जागा निघतेय. बाहेर कुठे काम केल्याचं लेखी मागताहेत. आबांकडून दोन ओळींचं पत्र — की हे काम मी केलं. मिळेल?"

"दोन काय, दहा ओळींचं आणतो," मी म्हणालो.

लक्षात ठेवा हे वाक्य. मी विसरलो होतो.

आबांच्या ऑफिसात तिने लॅपटॉप उघडला आणि मला समजावलं, जसं ती तिच्या पोरांना समजावत असेल. "भाऊ, दोन पेट्यांमध्ये दोन वायरी म्हणजे गोल रस्ता. 'सगळ्यांना सांगा' असा एखादा निरोप निघाला, की तो या वायरीने जातो, त्या वायरीने परत येतो, पुन्हा जातो. फुगडी सुरू झाली आणि हात सोडायला कोणी तयार नाही, तसं. म्हणून शहाणी पेटी एक वायर झोपवते. पण दोन्ही टोकांना सांगितलं, की या दोन वायरी वेगळ्या नाहीत, ही एक जोडी आहे — तर गोल रस्ताच उरत नाही. दोन्ही राबतात. आणि एक तुटली, तर दुसरी ओझं उचलते."

"म्हणजे वेग दुप्पट!"

"नाही. एका ट्रॅक्टरचा वेग दुप्पट होत नाही. दोन ट्रॅक्टर शेजारी शेजारी जातात."

मग तिने एक गोष्ट बजावली. दोनदा. दोन्ही टोकांना सांगून होईपर्यंत दुसरी वायर लावायची नाही. एका पेटीला जोडी माहीत आणि दुसरीला नाही, ही सगळ्यात वाईट अवस्था. तिने ऑफिसातल्या पेटीला सांगितलं, दुसऱ्या वायरीचं टोक काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "मी शेडमध्ये जाते. तिथलं झालं की फोन करेन. तेव्हाच लाव." आणि लॅपटॉप ओढणीखाली धरून ती उन्हात निघाली. चैत्र संपतानाचं सावद्याचं ऊन — पत्र्यावर भाकरी टाकली तर फुगली असती.

आबा आले. वायर माझ्या हातात. ते बघत होते. आणि मी — काय सांगू? मला गप्प बसता येत नाही. मोकळी वायर हातात घेऊन कोणासमोर नुसतं उभं राहणं मला जमत नाही. मी म्हणालो, "बघा आबा, आता दुसरा बैल जुंपतो." आणि लावली.

सगळे दिवे एकदम पेटले आणि एकदम लुकलुकायला लागले, लग्नाच्या मांडवासारखे. पडदा काळा. वजनकाट्याचा कॉम्प्युटर थिजला. काट्यावर ट्रॅक्टर उभा, मागे आणखी, त्यांच्या मागे ट्रक, आणि सगळ्यांचे भोंगे. खोल्यांचे पारे दिसेनात. आबा उभे राहिले, "काय झालं? कोनं केलं?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. नंदू. "भाऊ, वायर लावलीस का?"

इथे. हीच ती जागा. पंगतीत मी इथे थांबतो, पाण्याचा घोट घेतो, आणि मग कपाळावर हात मारून म्हणतो ते वाक्य — तेच वाक्य मी त्या दिवशी फोनमध्ये म्हणालो. मोठ्याने. आबांना ऐकू जाईल असं.

"अगं नंदू! हे काय करून ठेवलंस?"

फोनमध्ये फक्त शेडमधला पंखा ऐकू येत होता. मी फोन कानाला तसाच धरून आबांकडे वळलो आणि म्हणालो, "तिकडे शेडमध्ये बहिणीचा हात लागला, आबा. धुळ्याहून आलीय, सणाला. म्हटलं येऊ दे सोबत. तिला काय कळतं त्यातलं? थांबा, मी करतो."

सगळे हसतात ते इथे. 'नंदूचा हात लागला' — आमच्या घरात ही म्हणच झाली. वीज गेली, नंदूचा हात लागला. दूध नासलं, नंदूचा हात लागला. तिच्यासमोर. पोळ्या लाटता लाटता तीही हसते.

फोनमध्ये ती एवढंच म्हणाली, "काढ ती."

मी काढली. दोन-तीन मिनिटांत पडदा आला, काटा आला, भोंगे थांबले. आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी घाम पुसला — तोही माझा नव्हता म्हणा, तोही नंदूचा. दहा मिनिटांनी पुन्हा फोन आला. "आता लाव." लावली. आणि दोन्ही दिवे हिरवे झाले. खरोखरचे.

पण काम तिथे संपलं नव्हतं, आणि हा भाग मी पंगतीत सांगतच नाही, कारण तो मला तेव्हा कळलाच नव्हता. आबा काट्यावर गेले असताना ती ऑफिसात परत आली, चेहरा लाल, माझ्याकडे न बघता बसली, आणि आकडे बघायला लागली. दोन्ही दिवे हिरवे, पण माल सगळा एकाच वायरीने जात होता! का? तर पेटी फक्त बघायची, माल चाललाय कुठे. आणि सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्र एकाच यंत्राकडे जाणारं. जायचं गाव एक, म्हणून सगळे ट्रॅक्टर एकाच रस्त्याला. तिने पेटीला सांगितलं — कुठे जातोय तेवढं बघू नकोस, कुठून निघालाय तेही बघ. मग ट्रॅक्टर वाटले गेले. अर्धे वरून, अर्धे खालून. पडद्यावर माणूस दारातून निघाला आणि चालत चालत, एकही पाऊल न गाळता, खोक्यापर्यंत गेला. मी टाळी वाजवली. ती लॅपटॉप मिटून म्हणाली, "आईकडे सोड."

तीन दिवसांनी व्यापारी आले. सोळा खोल्या, सोळा चौकोन, एकाच पडद्यावर. आबा एकेक खोली दाखवत होते आणि बाहेर एक ट्रक मागे येत होता. त्याच्या वरच्या दांड्यात आमची खांबावरची वायर अडकली, ताणली, आणि खाडकन तुटली. खिडकीतून सगळ्यांना दिसलं. वायरीचं टोक अंगणात सापासारखं लोळलं. मी डोळे मिटले.

आणि पडदा? हलला नाही हो. डोळा लवला असेल-नसेल एवढंच. सोळाच्या सोळा चौकोन चालू, पारे चालू, काटा चालू. जमिनीखालच्या वायरीने सगळं ओझं उचललं होतं — एकटीने, हूं की चूं न करता. एका व्यापाऱ्याने विचारलं, "ती तुटली ती कशाची होती?" आबा म्हणाले, "माह्या एका बैलाची. दुसरा वढून राह्यला, पाहा!" आणि असे हसले की टोपी पडली. त्या क्षणाचा आनंद मी अजून विसरलेलो नाही, आणि खोटं कशाला सांगू, पंगतीत तो सांगताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. असा विजय मी आयुष्यात दुसरा बघितलेला नाही. संध्याकाळी आबांनी मला टोपी-उपरणं दिलं, नारळ दिला, आणि माझ्या उंचीचा केळीचा घड. मी घेतला. तिन्ही गोष्टी घेतल्या.

नंदू तेव्हा जळगावला आईजवळ सणाच्या घागरी धुऊन ठेवत होती. तिला मी सांगितलं, "तुझ्यामुळे बरं झालं हं." असं, जिन्यावरून चढता चढता.

आणि पत्र? सांगा, ज्या बाईचा हात लागून बिघडलं, असं मी आबांना सांगितलं, तिच्यासाठी पत्र कुठल्या तोंडाने मागणार होतो? आखाजी संपून ती निघाली तेव्हा तिने एकदाच विचारलं. मी म्हणालो, आबा बाहेरगावी गेलेत. आबा त्या दिवशी शेडमध्येच होते. ती जागा त्या वर्षी दुसऱ्या कोणाला मिळाली. पुन्हा निघायला चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत ती नवख्या प्रमुखाला रोज तेच शिकवत होती, जे तिने माझ्यासाठी आबांकडे केलं होतं.

चार वर्षांनी मात्र ती परीक्षेला बसली आणि सगळ्यांच्या वर आली. कोणाच्या पत्राशिवाय. आज त्या कॉलेजातल्या सगळ्या इमारतींच्या पेट्या तिच्या हाताखाली आहेत. मी एकदा बघून आलो. एकही दिवा नारिंगी नाही. एकही वायर झोपलेली नाही. तिच्या हाताखाली शिकलेल्या मुली शिडीवर चढून जोड्या जुळवतात आणि एकमेकींना ओरडून सांगतात, "दोन्ही टोकांना सांगितलं का गं?" मग तिच्या घरी गेलो, तेव्हा अक्का म्हणाल्या होत्या, "बठ्ठं तिनीच करं, भाऊ. कोणी हात नही लावा." मी मान डोलवली. त्यांना काय ठाऊक, ते शब्द मला कुठे लागले.

आणखी एक. त्या वर्षानंतर मी दर आखाजीला गाडी घेऊन येतो म्हणतो. दर वर्षी. नंदू म्हणते, "कशाला भाऊ, एसटी आहे ना." लोकांना मी सांगतो, तिला गाडी लागते.

हे सगळं असंच पचलं असतं. पण मागच्या महिन्यात आबांकडे जुन्या पेट्या बदलायच्या निघाल्या. नऊ वर्षं चालल्या त्या — उन्हाळे, वादळं, उंदीर, माझी देखभाल, सगळ्याला पुरून उरल्या. एकदाही थांबल्या नाहीत. आबांच्या नातजावयाने पुण्याहून एक इंजिनिअर बोलावला होता, तिशीतला, अदबशीर. त्याने पेटीच्या आतली सगळी मांडणी वाचली आणि म्हणाला, "सर, काम अगदी चोख आहे. तुमचंच?" आबा खुर्चीतूनच म्हणाले, "मंग कोनाचं? नानाचं!"

मग त्याने विचारलं, "जोडीला नाव दिलंय इथे, ते काय आहे?" आणि वाचलं, "आखाजी. भाऊ आणि नंदू."

मला माहीतच नव्हतं. त्या पेटीत मी नऊ वर्षांत एकदाही डोकावलो नव्हतो. डोकावायचं कसं, तेच येत नव्हतं. तिने हे कधी लिहिलं असेल? ते वाक्य फोनमध्ये ऐकण्याआधी, हसत हसत? की उन्हातून परत आल्यावर, माझ्याकडे न बघता? मला कळायला मार्ग नाही.

"नंदू कोण, सर?" त्याने विचारलं.

आबा माझ्याकडे बघत होते. बोलायला एवढी सोपी जागा मला कोणी कधी करून दिली नसेल. आणि मी म्हणालो, "होता एक जण. कामाला."

इंजिनिअरने मान हलवली. पेटी खाली काढताना त्याला दिव्यावर काहीतरी चिकटलेलं दिसलं. नखाने खरवडून त्याने तो वाळलेला कागदाचा कपटा तळहातावर घेतला. "हा कशाला होता?" त्याच्याखाली दिवा हिरवा होता. त्या दुपारपासूनच हिरवा होता.

तर आबा, तुम्ही हे वाचाल तेव्हा — तिने सांगण्याआधीच वायर मी लावली होती. माझाच हात लागला होता. दुरुस्त नंदूने केलं, आणि दुसरा बैलही तिनेच जुंपला. माझ्या बहिणीने. सुनंदाने. पंगतीत यापुढे कोणी विचारलं, तर गोष्ट एवढीच आहे.